हेडस्टॉक नक्की कोणासाठी?

"सगळं झालंय गं, आता फक्त वर नाव टाक. एखाद्या मोठ्या कंपनीचं. ऑनलाइन स्टिकर मिळतात, अगदी ओरिजिनलसारखे, वरून क्लिअर कोट मारलास की कोणाला कळणारपण नाही." मित्राने हे अगदी मनापासून सांगितलं. मी बनवलेली गिटार त्याच्या मांडीवर होती, पॉलिश अजून व्हायचं होतं, फक्त आवाज आणि तारांची उंची बघायची म्हणून तारा चढवल्या होत्या. त्याने दोन-चार कॉर्ड वाजवल्या, नेकच्या मागून अंगठा वरखाली फिरवून बघितला, एक डोळा मिटून फ्रेटबोर्डची रेष सरळ आहे का तपासली, आवडलंय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि तरी त्याची नजर सारखी वर जात होती, त्या रिकाम्या काळपट हेडस्टॉककडे, म्हणजे नेकच्या टोकाला जिथे खुंट्या असतात त्या भागाकडे, तिथे काहीतरी असायला हवं होतं आणि नाहीये अशी. मी तेव्हा नुसतं "बघू" म्हणाले. पण ते "कोणाला कळणारपण नाही" काही डोक्यातून जाईना. पुढे कितीतरी दिवस दुसरं काही करत असताना ते मध्येच आठवायचं आणि मी त्याच्याशी मनातल्या मनात वाद घालत बसायचे.

वाद घालताना जाणवायचं की त्याचं अर्धं म्हणणं बरोबरच आहे.

नजर तिथेच जाते, हे खरंच आहे. गिटार वाजवणारा कोणीही असो, नवीन गिटार समोर आली की बॉडीचं लाकूड, पिकअप, रंग हे सगळं नंतर, आधी वर बघतो. स्टेजवरची गिटार इतकी लांब असते की नाव वाचताच येत नाही, तरी नुसत्या कडेच्या वळणावरून ओळखू येते. फेंडरच्या सहाही खुंट्या एका बाजूला आणि टोकाला तो गोल गरगरीत भाग, गिब्सनच्या तीन इकडे तीन तिकडे आणि माथ्यावर ती ओपन बुक म्हणतात ती खाच. कंपन्यांना हे इतकं पक्कं माहितीये की यावरून कोर्टापर्यंत गोष्टी गेल्यात. 1977 साली गिब्सनची तेव्हाची मालक कंपनी नॉर्लिन ही जपानी आयबनीजचा अमेरिकेतला कारभार बघणाऱ्या एल्गर कंपनीविरुद्ध कोर्टात गेली, आणि भांडण आवाजावरून नव्हतं, वायरिंगवरून नव्हतं, हेडस्टॉकच्या आकारावरून होतं. पुढे ते आपसात मिटलं. त्या काळातल्या जपानी कॉपी गिटारना लोक आजही 'लॉसूट गिटार' म्हणतात आणि हौसेने शोधून घेतात. बरं, फेंडरचा आकारपण काही आभाळातून पडलेला नाही. सगळ्या खुंट्या एका बाजूला घ्यायची पद्धत 19व्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नामध्ये योहान गेओर्ग स्टाउफर करत होता, त्याच्याकडे काम शिकलेला मार्टिन 1833 मध्ये अमेरिकेत आला आणि त्याच्या सुरुवातीच्या गिटारवर तोच वळलेला हेडस्टॉक दिसतो. मग 1948 मध्ये पॉल बिग्सबीने गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिससाठी जी सॉलिड बॉडी गिटार केली तिच्यावरही सहा खुंट्या एका ओळीत, आणि त्यानंतर फेंडर. कोणाकडून कोणी किती घेतलं यावर लोक अजून तावातावाने भांडतात. मला त्यात दिसतं ते एवढंच की घेणं-देणं सगळ्यांनी केलं, पण प्रत्येकाने ते वळण स्वतःच्या पेन्सिलने परत काढलं, कुठेतरी थोडं बदललं, आणि त्याच्यावर नाव स्वतःचं लावलं.

स्टिकरबद्दल माझं म्हणणं इथेच अडतं. नाव हे नुसतं डेकोरेशन नाहीये. गिटार ही माणसापेक्षा जास्त टिकणारी वस्तू आहे, नीट ठेवली तर शंभर वर्षंही वाजते, आणि ती माझ्याकडेच राहील असं काही नाही. कधीतरी ती कोणाला दिली जाईल, विकली जाईल, तिच्यासोबत ही सगळी गोष्ट सांगायला मी नसेन, आणि जो कोणी घेईल तो वरचं नाव वाचून विश्वास ठेवेल आणि कदाचित त्या नावाचे पैसेही मोजेल. म्हणजे आज मी प्रेमाने लावलेला स्टिकर तेव्हा सरळ सरळ फसवणूक झालेला असेल. आणि दुसरं म्हणजे, ज्या नेकच्या मागचा गोलावा मी कानशीने आणि पॉलिश पेपरने हाताला लागेल तसा घासत आणलाय, त्याच्या वर दुसऱ्याच कोणाची तरी सही? मला ते सहनच होत नाही. हे मी अगदी शांतपणे सांगतेय, पण सहन होत नाही हेच खरं.

मग काय लावायचं? इथून पुढे मात्र मित्राचा काही दोष नाही, हा प्रश्न माझाच होता.

शास्त्रीय गिटार बनवणाऱ्यांकडे बघितलं तर ते वर नावच लिहीत नाहीत. नाव आत, साउंडहोलमधून दिसणाऱ्या कागदाच्या लेबलवर. वर फक्त आकार. 19व्या शतकातल्या स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसच्या गिटारचा माथा तीन कमानींचा, त्याच्या नंतरच्या मोठ्या कारागिरांनी आपापली वेगळी वळणं काढली, आणि जाणकार माणूस नुसता माथा बघून सांगतो की ही कोणाच्या हातची. मला हे फार आवडतं. अक्षर नाही, लोगो नाही, फक्त करवतीने आणि कानशीने काढलेली एक कड, आणि तेवढ्यावर ओळख. पण त्यासाठी आयुष्यभर तीच कड परत परत काढावी लागते, तेव्हा कुठे ती सही होते. एका गिटारवर तसं होत नाही, पहिल्या गिटारवर तर नाहीच. तसंही वाद्याच्या माथ्यावर काहीतरी करावंसं वाटणं हे काही गिटारपुरतंच नाही. सरस्वती वीणेच्या टोकाला याळीचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं तोंड असतं, मंगोलियाच्या मोरिन खूर या तंतुवाद्यावर घोड्याचं डोकं, टिरोलच्या याकोब श्टाइनरने 17व्या शतकात काही व्हायोलिनना नेहमीच्या गुंडाळीच्या जागी सिंहाचं तोंड कोरलंय. आवाजाला यातल्या कशाचीच गरज नव्हती. तरी इतक्या लांब लांबच्या माणसांना, एकमेकांचा पत्ता नसताना, नेमक्या त्याच जागी काहीतरी करावंसं वाटलं.

यावर विचार करत असताना एक गोष्ट लक्षात आली जी इतकी वर्षं वाजवूनही कधी डोक्यात आली नव्हती. वाजवणाऱ्याला स्वतःच्या हेडस्टॉकचा चेहरा दिसतच नाही. खरंच, गिटार मांडीवर घेऊन डावीकडे बघा. दिसते ती हेडस्टॉकची वरची कड, खुंट्यांची डोकी, नटमधून, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीतून, बाहेर येणाऱ्या तारा अगदी तिरक्या, आणि ट्यून करताना हात मागे गेला की थोडी मागची बाजू. समोरचा भाग समोरच्यासाठीच आहे. लोगो, शिंपल्याचं काम, रंग, सगळं समोर बसलेल्या माणसाला. फ्रेटबोर्डवरही हेच आहे, पुढच्या बाजूला मोठे मोठे ठिपके, चौकोन, वेली आणि काय काय असतं, पण वाजवताना आपण बघतो ते नेकच्या कडेवरचे बारीक साइड डॉट. ते इतके साधे असतात की कोणी त्यांचं कौतुक करत नाही आणि त्यांच्याशिवाय कोणाचं चालतही नाही. एकदा हे दिसल्यावर माझ्या हेडस्टॉकच्या प्रश्नाचे दोन प्रश्न झाले. समोरच्यासाठी काय, आणि वाजवणाऱ्यासाठी काय.

कागदावर डिझाइन काढायला बसलं की वाटतं केवढी जागा आहे. नसते. आधी खुंट्यांची सहा भोकं, आजकालच्या सीलबंद ट्यूनरना 10 मिलिमीटरची, आणि प्रत्येक भोकाभोवती वॉशरचा गोल, त्याखाली काही कोरलं तर झाकून जाणार. मग तारा. नटपासून खुंटीपर्यंत तार जितकी सरळ जाईल तितकं ट्यूनिंग बरं राहतं, बाजूला वळली की नटच्या खाचेत घासते, अडकते, आणि मग टक्कन आवाज करून सुटते. त्यामुळे आकार आधी तारांच्या रेषा आखून मग त्यांच्याभोवती काढायचा असतो, आवडला आकार आणि मारली भोकं असं चालत नाही. मग नटच्या लगेच वर ट्रस रॉडचं, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या सळीचं तोंड, तिथे पाना घालायला जागा हवी, म्हणजे तो भाग कव्हरचा. आणि तिथेच नेक सगळ्यात नाजूकपण असतो. मागे झुकलेला हेडस्टॉक, गिब्सनचा साधारण 17 अंशात झुकतो, एकाच फळीतून काढला तर तिथे लाकडाचा रेषा, म्हणजे त्याच्या तंतूंचा ओघ, तिरका तुटक होतो, त्यात ट्रस रॉडसाठी लाकूड काढलेलं, म्हणून गिटार पडली की नेमकी तिथेच मोडते. मी नेकची फळी तिरकी कापून तो तुकडा उलटा करून चिकटवला होता, स्कार्फ जॉइंट म्हणतात तो, त्याने हेडस्टॉकचा रेषा हेडस्टॉकच्याच दिशेने जातो आणि लाकूडही वाया जात नाही. त्या जोडाची रेष समोरून दिसू नये म्हणून वर एक पातळ फळी चिकटवतात. माझी शिसवीची आहे. म्हणजे ज्या काळपट रिकाम्या चेहऱ्याकडे मित्र बघत होता तोसुद्धा मुळात सजावट म्हणून आलेला नव्हता.

या सगळ्यातून जे उरतं ते एक वेडंवाकडं, मधे अरुंद, वर थोडं पसरलेलं मैदान. मला उलट त्याने बरं वाटलं. पूर्ण मोकळा कागद असता तर मी कदाचित अजून ठरवतच बसले असते.

पर्याय सगळे बघितले. वॉटरस्लाइड डिकॅल सगळ्यात सोपं, पारदर्शक फिल्मवर प्रिंट, शाई फुटू नये म्हणून वरून स्प्रे, पाण्यात बुडवली की कागदावरून सरकते, लाकडावर बसवायची आणि मग लॅकरचे थरावर थर देत तिची कड बुजवायची. फेंडरनेही डिकॅलच वापरले, आणि सुरुवातीच्या काळात ते लॅकरच्या वर लावलेले असल्यामुळे जुन्या गिटारवर अर्धे झिजलेले दिसतात, तो झिजलेपणा मला नव्या कोऱ्यापेक्षा देखणा वाटतो. पण मला शिसवीवर फिल्मचा थर नको होता. गरम पेनने लाकूड जाळून चित्र काढायचं तर मेपलसारख्या फिकट लाकडावर ते खुलतं, शिसवी मुळातच गडद. रंग दिला तर ते लाकूड झाकायचं, ज्यासाठी ती फळी निवडली तेच झाकायचं. पितळ्याची पट्टी फार सुंदर दिसली असती, पण वजन. टोकावरचं वजन लहान नसतं, सीलबंद ट्यूनरच सहा मिळून 200 ग्रॅमच्या वर सहज जातात, आणि बॉडी हलकी असेल तर पट्ट्यावर अडकवलेली गिटार नेकच्या बाजूने खाली लवंडायला लागते, डाव्या हाताला मग वाजवता वाजवता नेक उचलूनही धरावा लागतो. वर वजन वाढलं की नेकची स्वतःची थरथरपण बदलते. हेडस्टॉकला एक साधा क्लॅम्प लावून तोच स्वर वाजवून बघा, काही गिटारवर काही स्वर खरंच वेगळे टिकतात. चांगले की वाईट हे गिटारवर अवलंबून, पण बदलतात. मला माझ्या गिटारचा आवाज जसा होता तसा आवडला होता. म्हणून पितळ बाद.

उरला शिंपला.

मोत्याच्या शिंपल्याचे कापून सपाट केलेले तुकडे मिळतात, जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. हातात घेतला की पहिल्यांदा त्याचा थंडपणा कळतो, आणि मग नखाने वाजवला तर चिनीमातीच्या बशीसारखा बारीक टिणटिण आवाज. त्याचा रंग हा रंग नाहीच. शिंपल्यातला अ‍ॅरागोनाइट इतक्या पातळ थरांत रचलेला असतो, एकेक थर अर्ध्या मायक्रॉनच्या जवळपास, की प्रकाशाच्या लहरीच्या लांबीशी तो मिळताजुळता होतो, वेगवेगळ्या थरांवरून परत आलेला प्रकाश एकमेकात मिसळतो आणि आपल्याला गुलाबी, हिरवा, निळसर दिसतो. तुकडा थोडा फिरवला की हिरवा तिथून निघून जातो. त्यामुळे शिंपला कापताना आकाराइतकंच हेही बघावं लागतं की तो कोणत्या दिशेने ठेवला तर पेटतो आणि कोणत्या दिशेने विझतो. मी एकेक तुकडा फळीवर ठेवून, खिडकीकडे पाठ, मग खिडकीकडे तोंड, असं फिरवून फिरवून पेन्सिलने त्याच्या पाठीवर बाण काढून ठेवले. हे काम कोणाला सांगितलं तर वेळखाऊ वाटेल, मला मात्र सगळ्या गिटारमधलं हेच काम सगळ्यात जास्त आवडलं.

डिझाइनसाठी मी पानं फुलं पक्षी सगळं काढून बघितलं, आणि ते सगळं छान असूनही कुठल्यातरी दुसऱ्या गिटारवरचं वाटत होतं. शेवटी उत्तर त्या शिसवीच्या फळीतच निघालं. तिच्यात एक फिकट तपकिरी पट्टा आहे, खालून डावीकडून वर उजवीकडे तिरका जाणारा, मध्ये थोडा वळलेला, आणि त्याच्या बाजूने बारीक गडद रेषा. झाड वाढताना तिथे काहीतरी झालं असणार. मी ठरवलं की त्या पट्ट्याच्या बाजूनेच शिंपल्याच्या तीन बारीक सळ्या बसवायच्या, कमी-जास्त लांबीच्या, रेषा जसा वळतो तशाच वळलेल्या, टोकाला निमुळत्या. बस. चित्र कशाचंच नाही. कोणी त्यात पाऊस बघावा, कोणी गवत बघावं. त्या लाकडाखेरीज दुसऱ्या कुठल्याही लाकडावर त्या सळ्या अर्थहीन दिसतील, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

कापायला सोनाराची करवत, केसासारखं बारीक पातं. खाली फळीला व्ही आकाराची खाच, शिंपला तिच्यावर दोन बोटांनी दाबून धरायचा, आणि पातं उभं, अगदी उभं, वरखाली. पुढे ढकलायचं नाही, हात नुसता वरखाली आणि शिंपला हळूहळू पात्याकडे वळवायचा. जरा जोर लागला की पातं तुटतं, पाती तुटणार हे धरूनच जास्तीची आणून ठेवायची असतात. पावडर अतिशय बारीक उडते आणि ती छातीत जाणं चांगलं नाही, म्हणून मास्क घालूनच बसायचं, आणि घासायचं असेल तेव्हा पाणी लावून, म्हणजे ती ओलीच राहते. त्या ओल्या पावडरला समुद्रासारखा वास येतो. इतका सुकलेला, कापलेला, सपाट केलेला तुकडा, आणि तरी तो वास. पहिल्यांदा आला तेव्हा मी करवत खाली ठेवून नुसती बसून राहिले होते.

मग सळी फळीवर जागेवर ठेवून दोन थेंब ग्लूने तात्पुरती पक्की करायची, टोकदार सुईने तिच्याभोवती ओरखडा काढायचा, सळी उचलायची, आणि त्या ओरखड्यात खडूची पूड चोळायची. काळ्या लाकडावर एकदम पांढरी स्वच्छ आकृती उठते. त्या पांढऱ्या रेषेच्या आतलं लाकूड छोट्या राउटरने आणि कोपऱ्यात पटाशीच्या टोकाने काढायचं, खोली शिंपल्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी, म्हणजे शिंपला केसभर वर राहतो आणि नंतर घासून सपाट करता येतो. इपॉक्सीमध्ये त्याच शिसवीचा बारीक भुस्सा मिसळून तो काळा लगदा खाचेत, त्यावर सळी, वर प्लास्टिकचा कागद, लाकडाचा ठोकळा आणि क्लॅम्प. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढल्यावर जे दिसतं ते अगदी कुरूप असतं, सगळीकडे काळा चिकट थर, शिंपल्याचा पत्ताच नाही. मग पॉलिश पेपर, सपाट ठोकळ्याला गुंडाळून, आधी जाडसर मग बारीक, आणि घासता घासता त्या काळ्यातून आधी एक टोक उजळतं, मग सळीची पाठ, मग पूर्ण कड. लाकूड आणि शिंपला यांच्या मध्ये बोट फिरवलं तर काही लागत नाही. डोळ्याला कळतं की इथे एक वस्तू संपून दुसरी सुरू झाली, बोटाला कळत नाही. हे मी कोणालाही दाखवायला लागले की आधी डोळे मिटून हात फिरवायला सांगते.

हे सगळं करताना क्वीन बँडच्या ब्रायन मेची ती घरी बनवलेली गिटार, रेड स्पेशल, सारखी आठवायची. 1963 मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी, हॅरल्ड मे यांनी, ती करायला घेतली. नेकचं लाकूड एका जुन्या फायरप्लेसच्या वरच्या फळीचं, त्यात किड्यांनी पाडलेली भोकं त्यांनी काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली, ट्रेमोलोला, म्हणजे दांडी दाबून सूर वरखाली करायच्या यंत्रणेला, जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. आणि फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. लोक बोलतात ते स्प्रिंगांबद्दल, कारण ती अक्कल मोठी आहे. मला ती बटणं जास्त महत्त्वाची वाटतात. स्प्रिंग नसती तर ट्रेमोलो चाललंच नसतं, तिथे गरज होती. ठिपक्यांना तर कशाचेही तुकडे चालले असते, पांढऱ्या प्लास्टिकचे चालले असते, वाजवताना काही फरक पडला नसता. तिथे बटणं आली कारण ती घरातली होती आणि सुंदर होती. ती गिटार घेऊन तो माणूस जगातल्या सगळ्यात मोठ्या स्टेजवर उभा राहिला, त्याच बटणांसकट.

समोरची बाजू अशी झाली. नाव नाही. तीन सळ्या, आणि वर लाखेचं पॉलिश, कापडाच्या गोळ्याने पातळ पातळ घासत चढवलेलं, कारण शिसवीवर लाखेने जो खोल लालसर रंग उठतो तो स्प्रेने उठताना मी बघितलेला नाही. ट्रस रॉडचं कव्हर त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्याचं कापलं आणि त्याचा रेषा खालच्या रेषेशी जुळवून बसवला, म्हणजे तो फिकट पट्टा कव्हरवरून तसाच पुढे जातो. आता कोणी बघितलं तर आधी जरा गोंधळतं, नाव शोधतं, मग जवळ येतं. हे जवळ येणं मला फार हवंसं वाटतं. नाव असतं तर वाचून झालं असतं, तिथेच संपलं असतं.

वाजवणाऱ्याच्या बाजूने मी जे केलं ते अगदीच थोडं आहे. वरच्या कडेवर, जी मांडीवर गिटार घेतली की माझ्या डोळ्यासमोर येते, तिथे नेकचं फिकट लाकूड, मग काळ्या व्हिनियरची एक रेघ, मग शिसवी, असे थर दिसतात, ते मी रंगाखाली बुजवू दिले नाहीत. आणि त्या काळ्या रेघेच्या थोडं खाली एक शिंपल्याचा ठिपका, साइड डॉटच्याच मापाचा. समोरून दिसत नाही. मागच्या बाजूला, जिथे नेक संपून हेडस्टॉक सुरू होतो, तिथे लाकूड थोडं जाड ठेवलंय, व्होल्यूट म्हणतात त्याला, ते खरं तर मजबुतीसाठी. पण पहिल्या फ्रेटला कॉर्ड धरली की अंगठा जाऊन बरोबर त्याला टेकतो, म्हणून त्याची कड मी अंगठा ठेवून ठेवून घासली. त्याच्या वर, ट्यूनरच्या दोन ओळींच्या मधे, गरम पेनने माझं नाव आणि साल, लहान अक्षरात, कारण नेकचं लाकूड फिकट आहे आणि तिथे ते नीट उमटतं. पुढे ज्या कोणाच्या हातात ही जाईल त्याला गिटार उलटी करून बघितलं तर खरं काय ते वाचता येईल.

समोरच्यासाठी आणि वाजवणाऱ्यासाठी असं वेगवेगळं करावं का, यावर माझं स्वतःचंही अजून पूर्ण ठरलेलं नाही. कधी वाटतं की समोर काहीच नसतं तरी चाललं असतं, नुसती शिसवी, नुसता तो पट्टा. मग त्या सळ्यांवर संध्याकाळचा उजेड तिरका येतो आणि हिरवा गुलाबी सरकत जातो आणि मी लगेच मत बदलते. दुसरीकडे, कुठल्याही मोठ्या लोगोच्या गिटारकडे मी आता आधी कडेने बघते, तिथे बनवणाऱ्याने काही केलंय का म्हणून. बहुतेक वेळा तिथे नुसता रंग असतो. स्लॉटेड हेडस्टॉकवर मात्र कडांचं काम जास्त असतं, दोन लांब खाचा, त्यांच्या आतल्या भिंती, खाचेची गोल टोकं, आणि खुंट्यांची बटणं बाजूला मागे वळलेली, म्हणजे वाजवणाऱ्याच्या डोळ्याला आणि बोटाला तिथे कितीतरी जास्त भेटतं. पुढची गिटार नायलॉनच्या तारांची करायची आहे, तिला तसाच हेडस्टॉक. जाड पुठ्ठ्याचे टेम्पलेट कापून ठेवलेत, खाचा आखून झाल्यात, माथ्याची कड तेवढी अजून पटत नाहीये. एकात ती फार तोर्रेसकडे जाते, दुसऱ्यात मधलं वळण उगाच आल्यासारखं वाटतं. फळी वाळून तयार आहे, तिचा रेषा बघून उद्या परत काढते.